थंडीत डिझेल गाडी सुरू होत नाही? आधी सेल्फचा आवाज ऐका, मग धूर बघा

जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याहूनही खाली येतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि नेमका त्याच पहाटे अंगणातला पिकअप अडून बसतो. मार्केटची वेळ टळत असते, म्हणून माणूस चावी फिरवतच राहतो. खरा घात तिथे होतो. पाच मिनिटांत बॅटरी उतरते आणि मग मूळ दोष कुठे होता हेही कळत नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंडीत इंजिनाचं गार लोखंड ही उष्णता पिऊन टाकतं. त्यात ऑइल घट्ट झालेलं आणि बॅटरी मंदावलेली. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, हळू फिरला की हवा पुरेशी तापत नाही.

म्हणून पहिलं काम: दिवे, पंखा, टेप सगळं बंद करा. चावी ऑन करून मीटरमधला स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. इंजिनातली हवा आधी तापवणारे हीटर प्लग तापत असल्याची ती खूण. फार गारठा असेल तर चावी बंद करून पुन्हा ऑन करा, म्हणजे प्लग दुसऱ्यांदा तापतील. मग गाडी न्यूट्रलला ठेवून, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. मध्ये मिनिटभर थांबा.

आता ऐका. नुसता ‘टक्’ आवाज आला किंवा सेल्फ कण्हत फिरला, तर बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाणी ओतून, घासून, कोरडं करून घट्ट आवळा. मल्टिमीटरवर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर तिचा जोर संपत आला आहे. शेजारच्या ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी जोडून घेता येते, मात्र २४ व्होल्टच्या ट्रकची कधीच जोडू नका. आधी प्लसला प्लस. मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

सेल्फ जोमात फिरतोय तरी इंजिन पकडत नाही? मग कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. बहुतेक वेळा हीटर प्लग गेलेले असतात. ते उन्हाळ्यातच गेलेले असू शकतात, पण गरम हवेत गाडी त्यांच्याशिवायही सुरू होत राहिली, म्हणून कळलं नाही. तपासायला प्लगना जोडणारी पट्टी किंवा वायर आधी काढा. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला नाही तो प्लग जळाला. सगळे शाबूत असतील तर फ्यूज आणि प्लगना वीज सोडणारा रिले (स्विच) बघा. नव्या गाड्यांतले प्लग कमी व्होल्टचे असू शकतात, त्यांना बॅटरीची वायर थेट लावू नका.

धूरच येत नसेल तर डिझेल पोचत नाही. फिल्टरखालचा नळ सोडून साचलेलं पाणी काढा. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, एअर निघून जाईल. कॉमन रेल इंजिनात (एका सामाईक पाइपातून सगळ्या इंजेक्टरना जोरदार दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजेक्टरचा पाइप सैल करायचा मोह आवरा. तिथला दाब १००० बारच्या वर जातो, त्याची धार कातडीत घुसते.

हीटर प्लग असलेल्या इंजिनात गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून ईथरचा (झटकन पेटणाऱ्या द्रवाचा) स्प्रे मारू नका, आतल्या आत भडका उडून पिस्टन फुटतो. टाकीखाली स्टोव्ह किंवा शेकोटी ठेवण्याची पद्धत तर जिवावर बेतणारी आहे. फिल्टरला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं तरी पुरतं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं तर ते पातळ होतं खरं, पण पंपाचं वंगण जातं आणि नव्या इंजिनांत तो खर्च फार मोठा पडतो.

महाराष्ट्रात डिझेल गोठत नाही. लडाख-स्पितीला हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे डिझेलमधलं मेण सुटून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पण टाकीत अर्धं मैदानी भागातलं साधं डिझेल असताना वर हे भरलं तर फायदा निम्माच. टाकी शक्य तेवढी रिकामी करून भरा आणि भरल्यावर गाडी थोडी पळवा, म्हणजे ते फिल्टरपर्यंत पोचेल. गाडी रात्रीसाठी उभी करायची ती त्यानंतरच.