नवीन सायनोबॅक्टेरिया सापडला? बारशाची घाई करू नका

पावसाळ्यात कोकणातल्या सड्यावर कातळाला चिकटलेले हिरवट-काळे गिलगिलीत गोळे दिसतात ना, त्यात बरेचदा नॉस्टॉक असतं, म्हणजे एक सायनोबॅक्टेरिया (निळं-हिरवं शेवाळ). पण नॉस्टॉकसारखं दिसणारं आणि नॉस्टॉक नसलेलंही असतं, आणि मायक्रोस्कोपखाली मण्यांची माळ दिसली की लोक लगेच नाव लिहून मोकळे होतात.

सॅम्पल घेताना जागा, तारीख, कातळ की माती, ऊन की सावली, सगळं तिथल्या तिथे वहीत उतरवा. लॅबमध्ये बीजी-११ आगरवर (सायनोबॅक्टेरिया वाढवायचं नेहमीचं माध्यम) लावा, हेटेरोसिस्टवाला (हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या खास पेशी असलेला) असेल तर नायट्रेट न घातलेलं बीजी-११ घ्या, बाकीची गर्दी बरीच कमी होते. मग एकच दोरा उचलून परत परत नव्या प्लेटवर, कंटाळा येतो पण दुसरं काही मिसळलेलं राहिलं तर पुढचं सगळं वाया. फोटो कोवळ्या कल्चरचे पण काढा आणि जुन्याचे पण, कारण महिन्याभराने तेच कल्चर ओळखू येत नाही, अकिनीट (जाड भिंतीच्या सुप्त पेशी) तर बऱ्याचदा तेव्हाच दिसतात.

आता डीएनएचा सीक्वेन्स. १६एस (रायबोसोमच्या आरएनएचा जीन, ओळख पटवायला वापरतात) मध्ये जवळच्या नातेवाईकाशी साम्य ९८.७% च्या खाली आलं तर नवी स्पीशीज असू शकते, ९४.५% च्या खाली तर नवं जीनस (स्पीशीजच्या वरचा गट). असू शकते, एवढंच! जीनबँकमध्ये (सीक्वेन्सचा सार्वजनिक साठा) चुकीच्या नावाने टाकलेले सीक्वेन्स भरपूर आहेत, म्हणून ब्लास्टमधलं (जुळणारे सीक्वेन्स शोधणारं साधन) पहिलं नाव धरून बसू नका, त्या जीनसच्या टाइप स्पीशीजशी (ज्या स्पीशीजवर ते जीनस बेतलंय) तुलना करा आणि वंशवृक्षात तुमचा स्ट्रेन वेगळ्या फांदीवर बसतो का ते बघा. मग १६एस आणि २३एस या दोन जीनच्या मधला तुकडा, आयटीएस. फरक ७% च्या वर असेल तर स्पीशीज वेगळी म्हणायला चांगला आधार, ३% च्या आत असेल तर बहुधा तीच. इथे माझे स्वतःचे दोन महिने गेलेत, कारण एकाच पेशीत आयटीएसच्या दोन-तीन तऱ्हेच्या प्रती असतात, काहींत टीआरएनएचा जीन असतो काहींत नसतो, आणि मी टीआरएनएवाली प्रत बिनटीआरएनएवालीशी ताडून बघत होते. सारखी प्रत सारख्या प्रतीशीच लावायची. त्यानंतर डी१-डी१' आणि बॉक्स-बी या आयटीएसच्या भागांच्या घड्या (त्यांचा आरएनए कसा दुमडतो ते) काढा.

नाव देताना लॅटिन लिंग सांभाळा. नॉस्टॉक नपुंसकलिंगी, म्हणून गावावरून नाव दिलं तर शेवट -एन्से, अ‍ॅनाबीना स्त्रीलिंगी, तिथे -एन्सिस. माणसाच्या नावाने जीनसही करता येतं, २०१९ मध्ये देसिकाचार्या हे जीनस आलं ते टी. व्ही. देसिकाचारींच्या नावाने, ज्यांनी १९५९ मध्ये या शेवाळांवर मोठा ग्रंथ लिहिला. जीनसचं नाव आधी कुठल्या वनस्पतीला किंवा बुरशीला दिलेलं नाही ना, तेही तपासा.

शेवटी टाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं जोडलेलं असतं तो नमुना. शेवाळांच्या कोडप्रमाणे (नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम) जिवंत कल्चर टाइप म्हणून चालत नाही, वाळवलेलं किंवा गोठवून निष्क्रिय केलेलंच लागतं. ते हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांचं संग्रहालय) जमा करा, नंबर घ्या आणि हर्बेरियमच्या नावासकट पेपरमध्ये छापा. वर्णन इंग्रजीत चालतं, २०१२ पासून लॅटिनची सक्ती नाही.