या चुका टाळा: नहाणीत माती, सिंकमध्ये तेल आणि नळाला जोर

अनंत चतुर्दशी झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागतो. "नहाणी तुंबलीय हो." मी एकच विचारतो, "विसर्जन घरीच केलंत का?" पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "हो, पण मूर्ती शाडूची होती."

शाडूचीच होती, म्हणून तर तुंबली.

पुण्यात प्लंबिंगची कामं करून मला बावीस वर्षं झाली. पाईप स्वतःहून खराब झाला अशी कामं त्यात कमीच. बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी आत काहीतरी ओतलेलं असतं, नाहीतर बाहेरून काहीतरी पिळलेलं असतं. दरवर्षी तेच. आता सांगून घसा बसला, म्हणून लिहितो.

शाडूपासूनच सुरुवात करू. शाडू पाण्यात विरघळते असं आपण म्हणतो, पण ती मिठासारखी विरघळत नाही. तिचे बारीक कण पाण्यात तरंगतात आणि पाणी थांबलं की तळाशी बसतात. बादलीत तेच होतं आणि नहाणीच्या जाळीखालच्या वाटीत, म्हणजे ट्रॅपमध्येही तेच होतं, कारण ट्रॅपमध्ये पाणी मुद्दामच थांबवलेलं असतं. ते थांबलेलं पाणी नसेल तर गटाराचा वास आणि झुरळं थेट बाथरूममध्ये येतील. पुढची आडवी लाईन मीटरला एखाद-दोन सेंटीमीटर उताराची. साबणाचं पाणी तिथून आरामात जातं, माती जात नाही. फूटभर मूर्तीत सहज चार-पाच किलो माती असते. ती अर्ध्या तासात नहाणीत रिकामी केली तर कुठे जाईल?

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असेल तर गोष्ट वेगळी, शेवट तोच. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात अशी मूर्ती विरघळवायची पद्धत काढली आणि महापालिकेने ती पावडर लोकांना वाटलीही. पद्धत चांगली आहे. पण त्यात वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं आणि खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू. पाण्यात न विरघळणारा. मूर्ती दिसेनाशी झाली म्हणून बादली नहाणीत उपडी करणारे लोक पाईपमध्ये खडूचा लगदा ओतत असतात.

काही वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्याकडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. घरात आजी, मुलगा, सून. मुलाने शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली, दुसऱ्या दिवशी सकाळी गढूळ पाणी नहाणीत सोडलं आणि वरून दोन बादल्या पाणी ओतून "साफ" केलं. त्या दोन बादल्यांनी माती ट्रॅपमधून पुढे आडव्या लाईनमध्ये ढकलली, एवढंच साफ झालं. दोन दिवसांनी आंघोळीचं पाणी घोट्यापर्यंत साचलं. मला तेव्हाच बोलावलं असतं तर तासाभराचं काम होतं. पण चिरंजीवांनी आधी ड्रेनेज साफ करायची पावडर टाकली. ती म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा. तेल आणि केस यांच्यावर तो चालतो, मातीला त्याचं काही वाटत नाही. पाणी वाहत नसल्यामुळे पावडर खाली जाऊन बसली आणि दगड झाली. मग त्यावर उकळतं पाणी ओतलं. कॉस्टिक पाण्यात पडला की मुळातच तापतो, त्यात हे उकळतं. पीव्हीसी पाईप असल्या उष्णतेला मऊ पडतो, त्याचा सांधा सुटतो. तरीही पाणी उतरेना, म्हणून शेवटी ॲसिडची बाटली.

यातलं मला कुणी काही सांगितलं नाही. "काही टाकलंय का?" असं विचारलं, तर "नाही नाही" म्हणाले. मी जाळी काढून पाईप मोकळा करायची लांब स्प्रिंग घातली, आत काहीतरी फसफसलं आणि पाणी उसळून हातावर आलं. मनगटाच्या वर अजून डाग आहे. आजी ओरडल्या, "अरे त्याला सांग ना काय काय ओतलंस ते!" तेव्हा यादी बाहेर आली.

पुढे काय झालं असेल ते ओळखाच. ट्रॅपचा सांधा सुटला होता, आणि दोन दिवस पाणी खालच्यांच्या छताला झिरपत होतं. बाथरूमचा स्लॅब खोलगट, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर लाद्या. ते सगळं फोडून ट्रॅप बदलला, परत वॉटरप्रूफिंग, परत लाद्या. तसल्या लाद्या बाजारात मिळणं केव्हाच बंद झालं होतं. अजूनही त्या बाथरूमच्या कोपऱ्यात चार लाद्या वेगळ्या रंगाच्या आहेत.

माझ्या घरी मी काय करतो ते सांगतो. बादली दोन दिवस गॅलरीत तशीच ठेवतो. माती खाली बसते, वरचं निवळ पाणी मगाने काढून झाडांना घालतो. खालची माती वाळवून कुंड्यांत मिसळतो. काही मूर्तिकार ती परतही घेतात. प्लास्टरची मूर्ती असेल तर वरचं पाणी भरपूर पातळ करून मगच झाडांना घाला, कारण अमोनियम सल्फेट हे खतच आहे. खडू वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. आणि चुकून नहाणीत गेलंच, तर वरून काहीही ओतू नका. हातमोजा घाला, जाळी काढा, वाटीने नाहीतर हाताने माती उपसा. पुढे गेली असेल तर प्लंबर बोलवा आणि त्याला खरं सांगा. डॉक्टरशी खोटं बोललात तर त्रास तुम्हाला होतो, प्लंबरशी बोललात तर मला.

ॲसिडचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट नीट वाचा. बाजारात बाथरूमसाठी मिळणारं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. लाद्यांच्या फटींतलं सिमेंट ते खातं, नळाचं क्रोम काळं करतं, आणि फटी उघड्या पडल्या की खालच्यांच्या छताला ओल येते. हे नुकसान पैशाने भरून निघतं. पण ॲसिड आणि ब्लीचिंगचं द्रावण एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो आणि बाथरूम असते बंद खोली. दोन्ही कधीही एकत्र वापरू नका, एकामागून एकही नाही.

आता स्वयंपाकघर. दिवाळीत चकल्या-शेवेचं तळण झालं की उरलेलं तेल सिंकमध्ये, आणि मग "गरम पाणी सोडलं ना वरून!" अहो, थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं ते रोज पाहता ना? साधारण २४ अंशांखाली ते घट्ट व्हायला लागतं. तूप आणि डालडा तसेच. गरम पाण्याने ते तुमच्या सिंकखालून निघून जातं हे खरं, पण पुढे पाईपमध्ये गार होऊन चिकटतं. म्हणजे तुमची अडचण सगळ्या सोसायटीची होते. त्या चिकट थरावर चहाचा चोथा, भाताची शितं आणि परातीतली कणीक येऊन बसते. कणीक तर पाण्यात आणखी चिवट होते. मी काढलेले काही गोळे लाटून पोळी करता आली असती. कढई वर्तमानपत्राने पुसा, मग घासा. आमच्या आया-आज्या राखेने भांडी घासायच्या तेव्हा मोरीचं पाणी परसात जायचं. तुमचं सातव्या मजल्यावरून जातं.

रांगोळीही कचऱ्यातच. ती दगडाची पूड आहे.

कमोडमध्ये सॅनिटरी पॅड, डायपर आणि ओले वाइप्स टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. पॅड आणि डायपर पाणी शोषून फुगण्यासाठीच बनवलेले असतात, आणि पाईपमध्येही ते आपलं काम चोख करतात.

पाणी लवकर उतरावं म्हणून नहाणीची जाळी काढून ठेवणाऱ्यांनी महिन्याभराने केसांचा जो बोळा निघतो तो स्वतः काढावा. मला बोलावू नये.

आता माझा दुसरा राग: जोर. नळ गळतोय म्हणून तो आणखी पिळायचा. जुन्या नळात वायसर असतो, रबराचा. तो झिजला की थेंब पडतो. पिळलात की तो आणखी चेपतो, मग खालची बैठक खराब होते, आणि काही रुपयांच्या वायसरचं काम नळ बदलण्यावर जातं. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यांना जोराची गरजच नाही, दोन बोटं पुरतात.

पण खरे जोरकस लोक म्हणजे व्हिडिओ पाहून पाना विकत घेतलेले. प्लास्टिकच्या फिटिंगचा आटा लोखंडी पाईपसारखा आवळायचा नसतो. हाताने बसवा, पान्याने थोडंसं, बस्स. आवळताना "कट्" असा आवाज आला की समजा, आता मला फोन करायचाय. गंमत म्हणजे तो तडा लगेच गळत नाही. रात्री नळांचा वापर थांबून लाईनमधला दाब वाढतो, तेव्हा गळतो. टेफलॉन टेप मी अर्ध्या इंचीला दहा-बारा वेढे घालतो, आटा बसताना फिरतो त्याच दिशेने आणि ताणून. उलट्या दिशेने घातलात तर आवळताना ती सुटून चिंधी होते. जुन्या लोखंडी पाईपला मी अजून सुतळी आणि सफेदाच लावतो. माझ्याकडची पोरं हसतात, पण त्या सांध्यांसाठी मला कुणी परत बोलावलेलं नाही.

सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही चालणारा प्लास्टिकचा पाईप, चिकटवला की लोकांना पाचव्या मिनिटाला पाणी सुरू करायचं असतं. मी रात्रभर ठेवतो. घरमालक घड्याळ बघतो, मी निघून जातो. आणि चिकटवायचा सॉल्व्हंट सीपीव्हीसीचाच घ्या, "घरात पीव्हीसीचा पडलाय तो चालेल का?" याचं उत्तर नाही.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून तिथे एम-सील भरलेलं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा आधी मेन स्विच बंद केला, मग बोललो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं की चारेकशे मिलिलिटरने वाढतं, आणि ते वाढलेलं पाणी बाहेर पडायला तो व्हॉल्व्ह असतो. तापताना चार थेंब पडले तर खाली नळी लावून ती नहाणीकडे सोडा. गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला. बुजवू नका, टाकी फुटू शकते.

शेवटी गावी जाणाऱ्यांसाठी. कमोडजवळचा जेट स्प्रे वापरून झाला की भिंतीतला अँगल कॉक बंद करा. नाहीतर त्या नळीत चोवीस तास दाब राहतो आणि एक दिवस ती फुटते, शक्यतो तुम्ही कोकणात असताना. दर दोन-तीन महिन्यांनी घरातले सगळे अँगल कॉक एकदा फिरवून ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने ते जाम होतात आणि गरजेच्या वेळी हलत नाहीत. न वापरलेल्या नहाणीतलं पाणी आटून वास येतो, म्हणून निघताना तिथे दोन मग पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल घाला. तेलाचा पापुद्रा पाणी आटू देत नाही. माझ्याकडून पाईपमध्ये तेल घालायची परवानगी एवढीच.

आणि गच्चीवर जाऊन टाकीवरून आपल्या फ्लॅटला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह कोणता ते एकदा बघून घ्या, त्यावर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर घाला. नळी फुटलेली असताना रात्री अकराला टॉर्च घेऊन मी अंदाजाने व्हॉल्व्ह बंद करत बसतो आणि तोवर अंगाला साबण लावलेला कुणीतरी शेजारी वरच्या मजल्यावरून ओरडत असतो.