वरच्या फ्लॅटचं पाणी, खालच्याचं छत: या चुका टाळा

छताला ओल दिसली की खालची मंडळी तडक जिना चढतात आणि पहिल्याच वाक्यात वरच्यांना दोषी ठरवतात. हीच सगळ्यात मोठी चूक. डाग दिसतो त्याच्या बरोब्बर वर गळती असेलच असं नाही. बाथरूमखालचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा केलेला असतो. पाणी त्या भरावात साठतं, उताराकडे सरकतं आणि फट सापडेल तिथून खाली उतरतं.

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, हे डोळ्यांसमोर घडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात छत ओलं झालं. वरचे काका सज्जन, लगेच म्हणाले, "आमचंच असणार, करून घेतो." मिस्त्रीने काहीही न तपासता बाथरूमच्या फरश्या फोडल्या. नव्या फरश्या बसल्या, वॉटरप्रूफिंग झालं आणि पावसाळा संपेपर्यंत ओल होती तिथेच. वहिनींना वाटलं, काकांनी वरवरचं काम केलं. काकांना वाटलं, पैसे घालूनही बोलणी खातोय. गणपतीच्या आरतीला दोन घरं दोन टोकांना उभी राहू लागली. शेवटी डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, माणूस उतरवला, तेव्हा सांडपाण्याच्या उभ्या पाइपचा एक सांधा सुटलेला निघाला. तो पाइप सगळ्या मजल्यांचा, म्हणजे दुरुस्ती सगळ्यांच्या मेंटेनन्समधून व्हायला हवी होती. काकांचे पैसे मात्र गेले ते गेलेच, कारण दोष त्यांनी आपणहून पदरात घेतला होता.

म्हणून माझा हट्ट असतो, की आधी पाणी शोधा, पैशाचं मग बोला. ओल चोवीस तास सारखीच राहत असेल, तर नळाला पाणी आणणाऱ्या लाइनवर संशय घ्या. अंघोळी आणि धुणं झाल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याची लाइन किंवा फरशीच्या सांधी बघा. फक्त पावसात येत असेल तर गच्ची आणि बाहेरची भिंत. मग नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड, बंद करून बाथरूममध्ये बोटभर रंगीत पाणी चोवीस तास तुंबवा आणि त्यानंतरचे काही दिवस खाली लक्ष ठेवा, रंग उतरायला वेळ लागतो. एवढाही धीर नसलेले लोक थेट हातोडा मागवतात. अशा घाईचा मला मनापासून राग येतो, कारण तिची किंमत दोन्ही घरं मोजतात.

दुसरी चूक म्हणजे सगळं तोंडी ठेवणं. "त्यांना सांगितलं होतं" याला पुढे काही वजन राहत नाही. नुकसानभरपाईचा प्रश्न बहुतेक वेळा निष्काळजीपणावर येऊन थांबतो: वरच्याला गळती माहीत होती का, आणि कळल्यावर त्याने काय केलं? तारीख घातलेलं साधं पत्र आणि त्याची पोच असली, तर "मला माहीतच नव्हतं" हे म्हणणं संपतं. मी दोन्ही घरं, प्लंबर आणि इमारतीच्या रहिवासी संघाचा एक माणूस यांच्यासमोर पानभर पंचनामा लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो. फरशी फोडण्याआधीचे आणि नंतरचे फोटोही काढायला लावतो. वाद कोर्टात गेला नाही तरी त्या पानामुळे आवाज खाली येतात.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी पाठवलेले सोसायटीचे नियम इथे दाखवू नका. ते महाराष्ट्राचे उपविधी आहेत. आपल्याकडे मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000 हा फ्लॅटच्या मालकीचा कायदा आहे आणि आपापल्या इमारतीची कागदपत्रं आहेत. ती आधी वाचा.

इमारत नवी असेल तर आपसात भांडण्याआधी ताबा मिळाल्याची तारीख बघा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. शेजाऱ्याशी वाद घालत बसलेली किती तरी माणसं ही मुदत हातची घालवतात.

खालून वॉटरप्रूफ रंग मारू नका. पाणी वरून येतंय, पुट्टी फुगून पुन्हा गळणार. दुरुस्तीनंतरही छत पूर्ण सुकल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका.

नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो अशा घरांत, पाणी नसताना नळ उघडा ठेवून बाहेर जाऊ नका. त्या पुराला निष्काळजीपणाशिवाय दुसरं नाव नाही. भाडेकरूने नळ उघडा ठेवला तर जबाबदारी त्याच्यावर येते. भिंतीतला जुना पाइप फुटला तर घरमालकाने पुढे यावं, भाडेकरूला पुढे करू नये.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत टाकी किंवा पाइप फुटून तुमच्या घराचं झालेलं नुकसान येतं. शेजाऱ्याला द्यायची भरपाई त्यात आपोआप धरलेली नसते. तिच्यासाठी वेगळं संरक्षण मागावं लागतं, आणि ते पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळीच एजंटकडून लेखी घ्या.