रोपं तहानेने मरत नाहीत हो! वसंतात या चुका टाळा

थंडी ओसरली की लोकांना एकदम बागेचा पुळका येतो. एकाच रविवारी कुंड्या, माती आणि बियांची दहा पाकिटं घरात येतात. तीन आठवड्यांनी माझा फोन वाजतो: "अगं, छान आली होती रोपं, अचानक माना टाकल्या!" माझा प्रश्न ठरलेला असतो, "पाणी कोण घालतं?" उत्तरही ठरलेलं, "सगळेच घालतो की."

टोमणा मारत नाहीये, आमच्याच घरात हे झालंय. टोमॅटोच्या रोपांचा ट्रे खिडकीत होता, रोपं बोटभर उंच झाली होती. सासूबाई उठल्या उठल्या तांब्याभर पाणी घालत. नवरा ऑफिसला निघताना, वरची माती कोरडी दिसली म्हणून घाली. लेक शाळेतून आली की उरलेली बाटली तिथेच रिकामी करी. आणि रात्री मी, कारण दिवसभरात कुणाला आठवण झाली नसेल अशी माझी खात्री. चौघांनी एकमेकांना एका शब्दाने विचारलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी अर्धा ट्रे आडवा. वाकून पाहिलं तर पानं हिरवीगार, पण देठ मातीतून वर येतो तिथे दोऱ्याइतका बारीक, तपकिरी, पाणचट झालेला. खालच्या ताटलीत पाणी साचलेलं. नवरा मागून डोकावला, म्हणाला, "बिचारी तहानलेली दिसतायत," आणि मी अडवायच्या आत पुन्हा पाणी घातलं.

याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियमसारख्या बुरशीला चिखल, गारवा आणि कोंदट हवा मिळाली की ती कोवळे देठ मातीलगतच कुजवते. मुळांनाही हवा लागते, हे आपण विसरतो. पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही, त्याला काठ्या लावत बसू नका. उपटून टाका, ती माती पुन्हा बियांसाठी वापरू नका, ट्रे साबणाने घासून वाळवा आणि नव्याने पेरा. पुढच्या वेळी पातळ पेरा. पाकीट उघडलं म्हणजे ते संपवलंच पाहिजे असा नियम नाही.

आता आमच्याकडे ट्रेच्या कडेला कपड्यांचा चिमटा असतो. ज्याने पाणी घातलं त्याने तो डावीकडून उजवीकडे लावायचा, सकाळी मी परत डावीकडे आणते. त्याउपर शंका आली तर ट्रे उचलून पाहायचा. हलका लागला तर पाणी, जड लागला तर हात मागे. मोठ्या कुंडीत बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची. ओलावा मोजायचं यंत्र घेऊ का, असं परवाच एकीने विचारलं. बोट आहे ना? ते वापरा. आणि भर दुपारी मलूल झालेली पानं संध्याकाळी आपोआप ताठ झाली, तर ते उन्हामुळे होतं, लगेच तांब्या घेऊन धावू नका.

दुसरी चूक ऐकली की माझं डोकंच फिरतं: ओला कचरा थेट कुंडीत. "सालं मिक्सरमधून काढून घालते, लवकर खत होतं" असं अभिमानाने सांगणाऱ्या किमान चार जणी मला माहीत आहेत. खत होतं, पण त्याआधी ते कुजतं, आणि कुजताना मुळांजवळची हवा खाऊन टाकतं, गरम होतं, चिलटं बोलावतं. मीही हा उद्योग एकदा केलाय. आठवड्याने कुंडीवर बुरशीची पांढरी साय, मुंग्यांची रांग आणि असा वास की पाहुणे खिडकीपासून लांब बसले. साली वेगळ्या डब्यात टाका, दर थरावर त्याच्या दुप्पट वाळकी पानं किंवा कागदाचे तुकडे पसरा, मधूनमधून हलवा. दोन-तीन महिने तरी लागतात. मातीसारखा वास यायला लागला आणि साल ओळखू येईनाशी झाली की मगच ते कुंडीत. शिजलेलं, तेल-मिठाचं अन्न त्यातही नको. घाई असेल तर तयार खत आणा, पण मिक्सर चटणीसाठी ठेवा.

घरात वाढलेलं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं की पानं पांढरी, कागदासारखी होतात. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन द्या, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी कायमचं बाहेर काढा. हे सांगितलं की "इतके दिवस?" असं विचारतात. हो, इतके दिवस.

बाकीच्या चुका छोट्या आहेत. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींपेक्षा खोल गाडू नका. धणे हलके रगडून दोन फाका करा, एका धण्यात दोन बिया असतात, आणि उगवायला दोन आठवडे लागले तर माती उकरून पाहू नका. उकरणारे फार असतात! पुदिना दुसऱ्या कशाबरोबर एका कुंडीत लावलात तर शेवटी पुदिनाच उरेल. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर अंड्याची टरफलं खुपसून लगेच काही होत नाही. बहुतेक वेळा पाणी एक दिवस धबधबा आणि चार दिवस दुष्काळ असं घातलेलं असतं, त्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

आणि एवढं करून पीक हाती आलं की स्वयंपाकघरात त्याची माती करू नका. कोथिंबीर धुऊन तशीच ओली डब्यात कोंबली की तिसऱ्या दिवशी चिखल होतो. ती न धुता फडक्यात गुंडाळा आणि लागेल तेवढीच धुवा. चिरलेली कोथिंबीर गॅस बंद केल्यावर घाला, उकळीत तिचा वास उडून जातो. पिकलेले टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवले की त्यांची चव उतरते, ते बाहेर टोपलीत ठेवा. आमच्याकडे मी ते सकाळी बाहेर काढते, नवरा रात्री ओटा आवरताना परत आत ठेवतो. त्यासाठी चिमटा कुठे लावायचा ते अजून सुचलेलं नाही.