अभिक्रियेचा दर दाखवताना फुगे वापरा

कणांचा आकार आणि अभिक्रियेचा दर शिकवताना परीक्षानळीतले बुडबुडे शेवटच्या बाकावर कोणालाच दिसत नाहीत. त्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. प्रत्येकीत ५० मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओता. एका फुग्यात शहाबादी फरशीचा (म्हणजे चुनखडकाचा, जो आम्लात फसफसतो) २ ग्रॅम वजनाचा तुकडा, दुसऱ्यात तिचाच २ ग्रॅम कोरडा चुरा भरा. फुगे तोंडावर बसवून दोन्ही एकदम उलटे करा. चुऱ्याचा फुगा बघता बघता ताठ होतो, तुकड्याचा रेंगाळत राहतो. इथेच थांबून वर्गाला विचारा, "शेवटी वायू कुठे जास्त निघणार?" बरीच मुलं चुऱ्याकडे बोट दाखवतात. वस्तुमान सारखं, म्हणून वायूही सारखाच. फरक फक्त वेगाचा. माझ्या मते हा प्रश्न प्रयोगाइतकाच मोलाचा आहे.

फरशी मात्र शहाबादीच हवी, दुकानात फुटके तुकडे मिळतात. कोल्हापुरात सहज सापडणारा काळा दगड बेसाल्ट असतो, त्याला फेस येत नाही. फुगे आधी एकदा फुगवून सैल करा. चष्मा घाला, आणि आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल ओता, उलट कधीच नाही.

तापमानाचा दरावरचा परिणाम दाखवायला आम्ल तापवू नका; गार आणि कोमट पाण्यात व्हिटॅमिन सीची फसफसणारी गोळी पुरते.