कमरेच्या पिस्तुलात किती बदल करावेत? सातारा-सांगलीकडील परवानाधारकांसाठी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना बाळगणारी मंडळी ठरावीक व्यवसायांतली असतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून सैन्यात जाऊन निवृत्त झालेले जवान, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातील सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे गलाई व्यावसायिक आणि मळ्यात एकट्या घरात राहणारे बागाईतदार, अशी ही मंडळी. बहुतेकांकडे .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते, कारण ९ मिलिमीटर किंवा .३८ बोअरची हत्यारे आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि सामान्य नागरिकाला जिल्हाधिकारी कार्यालयाकडून त्यांचा परवाना मिळत नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील चित्रफिती पाहून अनेकांना असे वाटू लागले आहे की, हलका चाप (ट्रिगर), कोरलेली स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग), लाल ठिपक्याची दुर्बीण आणि लांब मॅगझिन बसवल्याशिवाय आपले पिस्तूल पुरे होत नाही. असे काम करून घ्यावे की नाही, आणि करायचेच असेल तर कुठपर्यंत, हे ठरवण्याची पद्धत येथे मांडली आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. जो बदल तुम्ही पुरेशी काडतुसे झाडून सिद्ध करू शकत नाही, तो रोज जवळ बाळगण्याच्या पिस्तुलात करू नये. अमेरिकेत पिस्तुलावर काम करून घेतल्यावर किमान दोनशे फैरी एकही अडथळा न येता झडल्या, तरच ते कमरेला लावावे, असा सल्ला अनुभवी लोक देतात. तिथे ते शक्य आहे. आपल्याकडे परवान्याच्या पुस्तिकेत एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील, हे आकडे लिहिलेले असतात. काडतुसाची किंमत आणि जवळपास नेमबाजीची रेंज नसण्याची अडचण त्यात मिळवली, म्हणजे दोनशे फैरींची चाचणी आपल्या आवाक्याबाहेर का आहे ते लक्षात येते. कारखान्यातून आलेले पिस्तूल निदान त्याच रचनेच्या हजारो नगांच्या अनुभवातून गेलेले असते. बदललेले पिस्तूल मात्र जगात एकच असते, आणि त्याची परीक्षा घेण्याइतका दारूगोळा त्याच्या मालकाकडे नसतो.

कायद्यात काय बसते, ते आधी पाहावे

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भागही येतात. त्यामुळे परदेशातून टपालाने ट्रिगर किंवा नळी मागवणे ही साधी खरेदी ठरत नाही, ती शस्त्राची आयात ठरते. आवाज किंवा ज्वाला कमी करणारे उपकरण तर व्याख्येनुसार अग्निशस्त्रातच धरले जाते. कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ६ प्रमाणे नळी आखूड करण्यास किंवा एका प्रकारच्या शस्त्राचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमांच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षांची कैद आहे. ‘गावातला लेथवाला हुशार आहे, तो करून देईल,’ हे वाक्य म्हणूनच अत्यंत महाग पडू शकते, आणि ते त्या लेथवाल्यालाही पडते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. हौसेने निकेल किंवा चांदीचा मुलामा देताना, घासकाम करताना किंवा स्लाइडवर नक्षी कोरताना हत्यारावरचा क्रमांक पुसट झाला, तर मामला कलम ८ मध्ये जातो, कारण ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. साताऱ्याकडे आजोबांच्या हत्याराला चांदीची सजावट करण्याची हौस जुनी आहे. ती हौस मुठीच्या पट्ट्यांपुरती ठेवावी आणि धातूच्या मूळ भागांना हात लावू नये.

कोणतेही काम करण्यापूर्वी परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे जावे. कोणत्या भागाचे काम करणार ते लेखी घ्यावे, हत्यार ठेवून घेतल्याची क्रमांकासह पावती घ्यावी आणि जुना भाग परत मागावा. ज्या कारागिराला पावती देण्याचा कंटाळा आहे, त्याच्याकडे हत्यार ठेवू नये.

चाप हलका करण्याचा मोह

सगळ्यात जास्त मागणी चाप हलका करण्याची असते, म्हणून या विषयावर थोडे थांबू. जवळ बाळगण्याच्या पिस्तुलाचा चाप साधारणपणे दोन ते तीन किलो वजनाने ओढला जाईल असा ठेवलेला असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत चापाचे किमान वजन १००० ग्रॅम असते, आणि १० मीटर एअर पिस्तुलात ५०० ग्रॅम. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या भागातील अनेक तरुण ‘एक किलोचा चाप’ हे शब्द आदराने उच्चारतात. आदर योग्यच आहे. परंतु त्या स्पर्धेत हत्यार आज्ञेनंतरच भरले जाते, नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने असते आणि नेमबाजाच्या मागे पंच उभा असतो. मोटारसायकलवरून खंबाटकी घाट उतरणाऱ्या किंवा ट्रॅक्टरवर चढताना वाकणाऱ्या माणसाच्या कमरेला यांपैकी काहीही नसते. भीतीने थरथरणाऱ्या बोटाला एक किलो आणि अर्धा किलो यांतला फरक कळत नाही.

चाप हलका करण्याचे दोनच मुख्य मार्ग आहेत आणि दोन्हींची किंमत चुकवावी लागते. पहिल्या मार्गात हॅमरची, म्हणजे घोड्याची, स्प्रिंग नरम करतात. मग घोडा काडतुसाच्या टोपीवर हळू आदळतो आणि काही काडतुसे पेटतच नाहीत. दुसऱ्या मार्गात घोड्याला अडवून धरणाऱ्या खाचेची पकड घासून कमी करतात. मग पिस्तूल खाली पडले किंवा जोरात आदळले, तरी खाच सुटण्याची शक्यता वाढते. ही घासाई थोडी जास्त झाली, तर चाप एकदा ओढल्यावर दोन-तीन फैरी आपोआप झडू शकतात. सलग झडणारे हत्यार कायद्याने प्रतिबंधित शस्त्र आहे, त्यामुळे अशा पिस्तुलाचा मालक एका रात्रीत वेगळ्याच कलमाखाली येतो.

माझ्या परिचयातील कोरेगाव भागातील एका बागाईतदाराने जिल्ह्याबाहेरच्या एका कारागिराकडून पहिल्या प्रकारचे काम करून घेतले होते. चाप लोण्यासारखा झाला, असे तो सगळ्यांना सांगत असे. रेंजवर गेल्यावर सातपैकी तीन काडतुसांवर घोड्याची फक्त खूण उमटली, आवाज आलाच नाही. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “बाळा, चाप जड असला तर नेम चुकंल, पण काडतूस वाजलंच नाही तर चुकायला तरी काय उरतंय?” जुनी स्प्रिंग परत बसवली आणि तक्रार मिटली.

न्यायालयाचा विचारही येथेच करावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क त्यात नाही. घटना घडली की हत्यार जप्त होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते आणि तेथे चापाचे वजनही मोजता येते. ‘मी विचारपूर्वक, नाइलाजाने गोळी झाडली’ असे सांगणाऱ्या माणसाच्या पिस्तुलाचा चाप स्पर्धेच्या वजनाचा निघाला, तर गोळी मुद्दाम झाडली की निष्काळजीपणाने सुटली, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

बाकीचे बदल

यांच्यासाठी फार वेळ घालवण्याची गरज नाही. नळीच्या तोंडाशी लावायचा कॉम्पेन्सेटर धक्का कमी करण्यासाठी असतो आणि तो वायूच्या दाबावर चालतो. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाची ऊर्जा ९ मिलिमीटर पॅराबेलमच्या सुमारे एक तृतीयांश असते, त्यामुळे मुळात धक्काच थोडा आहे. लाल ठिपक्याची दुर्बीण बसवायला स्लाइड कापावी लागते, आणि आपल्याकडच्या बहुतेक .३२ पिस्तुलांच्या स्लाइडमध्ये तेवढी जागा नसते. असली अवजारे १९७६ साली स्थापन झालेल्या आयपीएससी या संघटनेच्या वेगवान स्पर्धांमधून लोकप्रिय झाली. तिथे काडतूस अडकले तर गुण जातात, जीव जात नाही. लांब मॅगझिन कपड्याबाहेर डोकावते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेले, होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) आणि बाळगणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात असले पाहिजे.

जुनी परदेशी पिस्तुले, उदाहरणार्थ वडिलोपार्जित वॉल्थर पीपीके किंवा कोल्टचे १९०३ चे मॉडेल, यांच्याबाबत तर बदलाचा विचारही करू नये. त्यांचे मूळ भाग परत मिळत नाहीत आणि मूळ स्थितीतील नगाला जी किंमत येते, ती छेडछाड केलेल्या नगाला येत नाही.

पैसे कुठे घालावेत

पहिला खर्च होल्स्टरवर करावा. ते त्या विशिष्ट पिस्तुलासाठी बनवलेले, चाप पूर्ण झाकणारे आणि वाकल्यावरही हत्यार न सोडणारे असावे. पायजम्याच्या नाडीत किंवा झब्ब्याच्या खिशात पिस्तूल ठेवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी इतर कोणत्याही सुधारणेआधी ही सवय सुधारावी.

दुसरा खर्च स्प्रिंगांवर. मूळ वजनाचीच नवी रिकॉइल स्प्रिंग (फैरीनंतर स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी) आणि मॅगझिन स्प्रिंग परवानाधारक कारागिराकडून बसवून घेणे, हा बदल जुन्या पिस्तुलाला खरोखर तरुण करतो. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला थोडी बाहेर आलेली कडा असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली तर ती एकमेकांत अडकतात. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असतील तर हा त्रास वाढतो. भरताना प्रत्येक काडतूस मागे सरकवून बसले आहे याची खात्री करावी, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ‘केएफ’ शिक्क्याच्या ज्या काडतुसांवर आपले पिस्तूल नीट चालते, तीच वापरावीत.

तिसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे. पुढच्या माशीवर, म्हणजे नेम धरण्याच्या नळीच्या टोकावरील खुंटीवर, पांढरा किंवा नारिंगी ठिपका रंगवावा. संध्याकाळी उसाच्या फडाच्या कडेला काळी माशी काळ्या खाचेत दिसत नाही, ठिपका मात्र दिसतो. पिस्तुलाखाली दिवा बसवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात बॅटरी असतेच, आणि बॅटरीने पाहताना समोरच्यावर पिस्तूल रोखावे लागत नाही. मूठ घामाने निसटत असेल तर तिच्या पट्ट्या खडबडीत घ्याव्यात, पण मॅगझिनच्या बटणाला त्या अडत नाहीत हे पाहावे.

आपल्या दोन जिल्ह्यांचे हवामानही या हिशेबात धरावे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जतकडे जेमतेम पाचशे. पाटण-जावळीकडच्या माणसाने पावसाळ्यात दर दोन दिवसांनी तेलाचा हलका हात फिरवावा आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल रात्रभर ठेवू नये, कारण ओले चामडे गंज चढवते. जतकडे उलट पथ्य आहे. तेथे जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. चढवलेला मुलामा खरवडला गेला तर त्याच्या खाली गंज लपून वाढतो, हेही सजावटीच्या हौशी माणसाने लक्षात ठेवावे.

बदल केलाच असेल तर

आधी काडतुसे बाजूला ठेवून, नळी दोनदा तपासून, रिकाम्या पिस्तुलावर सुरक्षेचा खटका, चाप आणि स्लाइड पन्नास वेळा चालवून पाहावी. त्यानंतर मान्यताप्राप्त रेंजवर पहिल्या तीन फैरींसाठी मॅगझिनमध्ये एका वेळी एकच काडतूस भरावे, म्हणजे चाप दुहेरी सुटत असेल तर दुसरी गोळी नळीत नसते. मग दोन, मग पूर्ण मॅगझिन. प्रत्येक फैर वहीत लिहावी: तारीख, काडतुसाचा लॉट, अडथळा आला का, कोणत्या प्रकारचा. वर्षाच्या कोट्यातील निम्मी काडतुसे यासाठी बाजूला काढता येत नसतील, तर तो बदल उलटवून मूळ भाग बसवावा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकदा हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. जमा करताना होल्स्टर आणि जादा मॅगझिनची वेगळी नोंद पावतीवर करून घ्यावी. परत मिळाल्यावर घरी जाण्याआधी क्रमांक, पट्ट्या आणि मॅगझिन पावतीशी जुळवून पाहावेत, घरी नळी पुसून गंज तपासावा, आणि पुढच्या रेंजच्या दिवशी सर्वांत आधी त्याच वहीत पाच फैरींची नोंद करावी.