मीटर बरोबर, मोजणी चूक: तापमान आणि ताण मोजताना या चुका टाळा

रीडिंग पटलं नाही की पहिला संशय मीटरवर जातो. मीटर कॅलिब्रेशनला (प्रमाणित मापाशी पडताळायला) पाठवला जातो, सर्टिफिकेट घेऊन परत येतो आणि पुन्हा तोच न पटणारा आकडा दाखवतो. थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) जॉबचं, म्हणजे मोजायच्या वस्तूचं, तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतं. टेन्शन मीटरही धाग्यातला ताण थेट पाहत नाही, त्याला फक्त मधल्या रोलरवर आलेला जोर कळतो. सेन्सर आणि जॉब यांची गाठ नीट पडली नसेल, तर मीटर अगदी खरं बोलूनही आपण फसतो. म्हणून मीटर खोलण्याआधी तो कुठे, कसा आणि कशाला टेकला आहे ते बघावं. बहुतेक दोष तिथेच सापडतात.

थर्मोकपल: दोष टोकाला कमी, वाटेत जास्त

थर्मोकपलचा व्होल्टेज टोकाच्या वेल्डमध्ये तयार होतो, हा समज फार पसरलेला आहे. १८२१ मध्ये झेबेकला जो परिणाम दिसला तो तारेच्या लांबीवर घडतो. जिथे जिथे तापमान बदलतं, तिथे तिथे थोडाथोडा व्होल्टेज जमा होत जातो. भट्टीत तो मुख्यतः भिंतीतून जाणाऱ्या तुकड्यात तयार होतो, कारण तापमानाची खरी उतरण तिथे असते. के टाइप या नेहमीच्या प्रकारच्या थर्मोकपलमध्ये एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. एवढ्याशा सिग्नलला वाटेतला कुठलाही घोळ पुरतो.

याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. महिनोन्महिने भट्टीत राहिलेलं थर्मोकपल काढून प्रयोगशाळेच्या तापवलेल्या धातूच्या ब्लॉकमध्ये तपासलं, तर तिथे उतरण तारेच्या दुसऱ्याच भागावर पडते. तो भाग अजून ताजा असेल तर थर्मोकपल ‘पास’ होतं, आणि भट्टीत परत लावल्यावर पुन्हा चुकतं. जुनं थर्मोकपल तपासायचं तर ते जागेवरच ठेवावं, शेजारी तेवढ्याच खोलीवर नवं किंवा प्रमाणित थर्मोकपल घालावं आणि दोघांची तुलना करावी. जुन्याची खोली मध्येच बदलू नये, हेही त्याच कारणासाठी.

आता जोडणी. थर्मोकपलच्या डोक्यापासून (तारा जोडायच्या डबीपासून) भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंत साधी तांब्याची वायर ओढलेली असेल, तर मीटरच्या दृष्टीने थर्मोकपल त्या डोक्यातच संपतं. डोकं ६० अंशांवर आणि मीटर ३० अंशांवर असेल, तर रीडिंग सुमारे ३० अंश कमी येईल. एक्स्टेन्शन केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या तारांची) योग्य असली, पण दोन्ही टोकांना उलटी जोडली गेली, तर चूक दुप्पट होते, म्हणजे ६० अंश. एकाच टोकाला उलटं केलं तर तापवताना रीडिंग खाली जातं आणि चूक लगेच पकडली जाते. दोन्ही टोकांना उलटलं की भट्टी गार असताना सगळं ठीक दिसतं. डोकं तापू लागतं तसा फरक वाढत जातो. ‘सकाळी बरोबर, दुपारी चूक’ अशी तक्रार आली की आधी केबलची दोन्ही टोकं बघावीत.

उलटं जोडलं जाण्यामागे रंगांचा गोंधळ असतो. अमेरिकी पद्धतीत लाल तार ऋण असते. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या पद्धतीत के टाइप केबलला हिरवं आवरण, हिरवी धन तार आणि पांढरी ऋण तार असते. जुन्या जर्मन पद्धतीत लाल तार धन असायची. जुनी यंत्रं आणि नवी केबल एकत्र आली की ‘लाल म्हणजे धन’ असं धरून चालणारा हमखास फसतो. रंगावर विसंबू नये. के टाइपची ऋण तार चुंबकाकडे किंचित ओढली जाते, धन तार नाही. खिशात छोटा चुंबक असला की काम भागतं.

के टाइपची आणखी एक खोड आहे. सुमारे ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात, ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या वातावरणात, धन तारेतलं क्रोमियम आधी जळतं आणि तारेवर हिरवट थर येतो. व्होल्टेज घटतो, त्यामुळे रीडिंगही कमी येतं. कंट्रोलरला वाटतं भट्टी गार आहे, तो आणखी उष्णता देतो. पडद्यावर सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) अगदी जुळलेला असतो आणि आत जॉब जास्त तापत असतो. थर्मोकपलच्या बंद टोकाच्या अरुंद संरक्षक नळीत, जिथे हवा खेळत नाही, तिथे हे विशेष होतं. अशा कामाला एन टाइप हा दुसरा प्रकार बरा.

टोक किती आत गेलंय हेही बघा. नळीच्या व्यासाच्या किमान दहापट खोली हा जुना नियम आहे. ६ मिलिमीटर व्यासाची नळी असेल तर निदान ६० मिलिमीटर, आणि वायूत मोजायचं असेल तर त्याहून जास्त. खोली कमी पडली की नळीतून उष्णता बाहेर वाहते आणि टोक भट्टी व बाहेरची हवा यांच्या मधलंच काहीतरी दाखवतं. सोल्डर वितळवून सर्किट बोर्डांचे जोड करणाऱ्या रिफ्लो ओव्हनमध्ये याचंच दुसरं रूप दिसतं. टेप सुटते, टोक बोर्डापासून केसभर उचललं जातं आणि प्रोफाइलवर, म्हणजे तापमानाच्या आलेखावर, हवेचं तापमान छापलं जातं. शिसेविरहित नेहमीचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतं. तिथे हवा आणि जोड यांच्यातला फरक म्हणजे पक्का जोड आणि कच्चा जोड यांतला फरक.

पीटी१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा सेन्सर) वापरत असाल तर एवढंच पाहा: दोन तारांची जोडणी असेल तर जोडतारांमधल्या एक ओहम रोधाने सुमारे २.६ अंश जास्त दिसतात. तीन किंवा चार तारा वापरा.

थर्मल कॅमेरा आणि चकचकीत धातू

कॅमेऱ्यात गार दिसणारा तांब्याचा बसबार (वीज वाहणारी जाड पट्टी) हात लावण्याइतका गार असेलच असं नाही. पॉलिश केलेल्या धातूची उत्सर्जकता (उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.१ च्याही खाली असू शकते. तो स्वतःची उष्णता फारशी फेकत नाही, समोरच्या भिंतीची आणि तुमची मात्र परत पाठवतो. कॅमेऱ्यात उत्सर्जकतेचा आकडा ०.१ करून प्रश्न सुटत नाही, कारण तेवढ्या क्षीण सिग्नलमध्ये परावर्तनाची छोटी चूकही कैकपट वाढून येते. वीजपुरवठा बंद करून त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा किंवा मॅट रंगाचा ठिपका द्या. दोन्हींची उत्सर्जकता ०.९५ च्या आसपास असते. मग तोच ठिपका मोजा. पॅनेलच्या काचेतून मोजायला जाऊ नका. ८ ते १४ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला साधी काच भिंतीसारखी अपारदर्शक असते.

पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड मीटरचा लाल ठिपका हा मोजमापाचा आकार नव्हे. १२:१ चा (अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या गोलाची रुंदी यांचं प्रमाण) मीटर एक मीटर अंतरावरून सुमारे आठ सेंटिमीटर रुंद गोल मोजतो. छोट्या फ्यूजबरोबर मागची पाटीही त्यात येते.

टेस्ट चेंबर: सेटपॉइंट हवेचा असतो

माल गरम-थंड करून तपासणाऱ्या चेंबरचा पडदा हवेचं तापमान दाखवतो. उणे ४० अंश दिसल्याबरोबर घड्याळ सुरू केलं, तर आतला जाड ॲल्युमिनियमचा जॉब अजून उतरतच असतो. आयईसी ६००६८-२-१४ प्रमाणे तापमान-बदलाची चाचणी करताना जॉबला स्थिर व्हायला लागणारा वेळ धरायलाच हवा. वेगळा प्रोब (तापमानाचा सेन्सर) जॉबच्या सर्वांत जड भागात लावा आणि त्यावरून वेळ ठरवा. चाचणीत जॉबला वीज दिलेली असेल तर तो स्वतःही उष्णता टाकतो, त्याच्याभोवतीची हवा सेटपॉइंटपेक्षा गरम राहते.

जॉब भिंतीला चिकटवून गच्च भरणं आणि थंड अवस्थेत दार उघडणं या दोन सवयी मात्र सोडायलाच हव्यात. पहिलीने हवा अडते आणि एका कोपऱ्याची चाचणी होते, दुसऱ्याची नाही. दुसरीने बाहेरची दमट हवा गार बोर्डावर पाणी होऊन बसते आणि नंतर सापडणारा गंज ‘उत्पादनातला दोष’ म्हणून नोंदवला जातो. आधी चेंबर खोलीच्या तापमानाच्या थोडं वर न्या, मग दार उघडा.

ताण: मीटर धाग्याला वाकवतो

हातातला तीन रोलरचा टेन्शन मीटर धागा किंवा तार थोडी वाकवतो आणि ती वाकवायला किती जोर लागला यावरून ताण काढतो. हे गणित मऊ, बारीक धाग्याला नीट लागू पडतं. तार जाड किंवा ताठ असली की वाकवण्याचा तिचा स्वतःचा विरोधही त्या जोरात मिसळतो आणि रीडिंग फुगतं. नायलॉनच्या एकेरी धाग्यावर कॅलिब्रेट केलेला मीटर स्टीलच्या तारेवर किंवा चपट्या टेपवर जसाच्या तसा चालत नाही. म्हणून मीटर दुरुस्तीला पाठवू नका. तुमचाच माल घ्या, त्याला माहीत असलेलं वजन बांधून उभा लटकवा, मीटर लावा, तार हळू ओढत रीडिंग घ्या आणि स्वतःचा दुरुस्ती-तक्ता बनवा. १०० ग्रॅम वजनाला सुमारे ९८ सेंटीन्यूटन यायला हवेत. ग्रॅम-फोर्स आणि सेंटीन्यूटन एकच समजले तर दोन टक्के इथेच जातात.

रेंज निवडताना होणारी चूक याहून मोठी असते. अचूकता बहुधा पूर्ण रेंजच्या टक्क्यांत दिलेली असते. ५०० सेंटीन्यूटनच्या मीटरवर ‘±१ टक्का’ म्हणजे ५ सेंटीन्यूटन. त्याच मीटरने २० सेंटीन्यूटनचा धागा मोजला तर ती चूक २५ टक्के होते. ‘मोठा घेऊ, सगळीकडे चालेल’ हा विचार महागात पडतो.

दोन टोकांना घट्ट बसवलेल्या स्टीलच्या तारेवर मीटर स्वतःच ताण वाढवतो. समजा ३०० मिलिमीटर लांब मोकळी तार मधोमध ३ मिलिमीटर वाकली. तिची लांबी ०.०६ मिलिमीटर वाढते. नगण्य वाटतं, पण एक चौरस मिलिमीटर छेदाच्या स्टीलच्या तारेत तेवढ्याने सुमारे ४० न्यूटन ताण वाढतो. मूळ ताण १०० न्यूटन असेल तर मीटर १४० च्या आसपास दाखवेल, आणि ते खोटंही नसेल, त्या क्षणी ताण तेवढाच आहे! छोट्या अंतरावर कमी वाकवणारा मीटर वापरावा, नाहीतर कंपनाच्या वारंवारतेने मोजावं.

कुठे मोजता यावरही सगळं ठरतं. धागा एखाद्या गाइडवरून (धाग्याला वाट देणाऱ्या खुंटीवरून) अर्धा फेरा घेऊन जात असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.३ असेल, तर गाइडनंतरचा ताण आधीच्या सुमारे अडीचपट होतो. दोन शिफ्टची रीडिंगं जुळत नाहीत तेव्हा एकाने गाइडच्या आधी आणि दुसऱ्याने नंतर मोजलेलं असतं, हे बरेचदा उघड होतं. मोजायची जागा यंत्रावर रंगाने खूण करून ठेवा. गाइड झिजून खाच पडली असेल तर ताण वाढतो, मग धाग्याला ताण देणारा ब्रेक कितीही सैल करा.

कागद, फिल्म किंवा कापडाच्या रुंद पट्ट्याला लोड सेलवरचा (जोर मोजणाऱ्या सेन्सरवर बसवलेला) रोलर असतो. त्या रोलरवर येणारा जोर पट्टा किती अंशांनी वळतो यावर अवलंबून असतो. ६० अंशांच्या वळणाला जोर ताणाइतकाच, १८० ला दुप्पट. देखभालीत शेजारचा रोलर थोडा सरकवला आणि वळण ६० वरून ५० अंश झालं, तर पडद्यावरचा ताण सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसतो. ऑपरेटर तो वाढवून घेतो आणि फिल्म ताणली जाते. पट्ट्याची वाट बदलली की दोरी आणि वजन लावून पुन्हा कॅलिब्रेशन करायलाच हवं. ती दोरीही पट्ट्याच्याच वाटेने गेली पाहिजे.

बेल्टला टिचकी मारून वारंवारता मोजणारे मीटर सोपे असतात, म्हणून त्यात निष्काळजीपणा फार. ताण = ४ × दर मीटर वजन × मोकळ्या लांबीचा वर्ग × वारंवारतेचा वर्ग. मोकळी लांबी ०.५ मीटर, वजन दर मीटरला ०.२ किलो आणि वारंवारता ४० हर्ट्झ असेल तर ३२० न्यूटन. लांबी चुकून ०.५५ भरली की ३८७. पुलींच्या केंद्रांमधलं अंतर ही मोकळी लांबी नव्हे. बेल्ट पुलीला जिथे सुटतो तिथून दुसऱ्या पुलीला जिथे टेकतो तिथपर्यंत मोजा. पुली हाताने काही फेरे फिरवून मगच टिचकी मारा, नाहीतर एका बाजूला ताण अडकून राहिलेला असतो.

ताणाच्या नोंदीत तापमान हवंच

दोन पक्क्या आधारांमधली स्टीलची तार एक अंश गार झाली की तिच्यात चौरस मिलिमीटरला सुमारे २.४ न्यूटन ताण वाढतो. १० अंश फरक पडला तर ४ मिलिमीटर व्यासाच्या सलग तारेत तो ३०० न्यूटनपर्यंत जातो. आधार स्वतःही प्रसरण पावत असतील तर हिशेब बदलतो, कधी उलटाही होतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या विमानात स्टीलच्या कंट्रोल केबल असतात. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे उन्हात केबल सैल न होता उलट ताठतात. म्हणूनच देखभालीच्या पुस्तकात ताणाचा एक आकडा नसतो, तापमानानुसार तक्ता असतो. उन्हातून आत्ताच आत आणलेल्या विमानाचा ताण लगेच मोजला, तर हवेचं तापमान एक, सांगाड्याचं दुसरं, आणि तक्त्यातली कुठली ओळ वाचायची तेच कळत नाही. सांगाडा आणि केबल हँगरच्या तापमानाला येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तापमानाचा प्रोब हवेत न लटकवता केबलजवळच्या धातूला लावावा लागतो.